एका सालचे दोन कायदे

इसवी सन १९२४ मध्ये मुंबई इलाख्यातील अल्पवयीन मुलांच्या वाट्याला दोन कायदे आले. पहिला मुंबईच्या विधिमंडळाने संमत केलेला बालकांचा कायदा. सोळा वर्षांच्या आतले मूल चोरी करताना पकडले गेले तरी ते आधी मूल आहे आणि नंतर आरोपी, म्हणून त्याची चौकशी निराळ्या न्यायालयात, निराळ्या रीतीने व्हावी आणि त्याला तुरुंगात न धाडता सांभाळावे, शिकवावे, असे त्याने ठरवले. दुसरा कायदा मध्यवर्ती सरकारचा, गुन्हेगार जमातींविषयीचा. विवक्षित जमातींत जन्मलेल्या, सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलास आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक, शेतकी अथवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांच्या हाती दिला. त्या मुलाने काही अपराध केलेला असावा, अशी अट त्यात नव्हती.

हे दोन्ही कायदे एकाच राजवटीचे, आणि एकाच इलाख्यात ते दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदले. तरुण मुले गुन्ह्याकडे का वळतात आणि ज्यांना वळण्याची संधी व निकड दोन्ही असते तीही पुष्कळदा का वळत नाहीत, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी अनेक अंगांनी चर्चिला आहे. परंतु महाराष्ट्राच्या भूमीवर त्या प्रश्नाची प्रत्यक्ष कसोटी या दोन कायद्यांच्या रूपाने लागली, आणि तिचे साक्षीदार अजून आपल्या गावांच्या कडेला पाल ठोकून राहतात. त्या कसोटीची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

इंग्रजी अंमलापूर्वीच्या खेड्यांत चोऱ्या होत नव्हत्या असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चोऱ्या होत, दरोडे पडत. परंतु त्यांच्या बंदोबस्ताची जी पद्धत पेशव्यांच्या मुलखात रूढ होती, आणि जिचे वर्णन इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात आलेले आहे, तिच्यात एक मोठे व्यवहारज्ञान साठवलेले होते. गावच्या राखणीचे काम रामोशी, भिल्ल अशांकडे सोपवलेले असे. चोरी झाली म्हणजे रामोशाने चोराच्या पावलांचा माग काढावा, माग शिवेपलीकडे गेला तर तो शेजारच्या गावच्या राखणदाराच्या स्वाधीन करावा, आणि जेथे माग खुंटेल त्या गावाने मुद्देमाल हुडकून द्यावा अथवा नुकसान भरून द्यावे, असा रिवाज होता. रात्रीच्या अंधारात वाट न चुकणारे डोळे आणि रानाची खडान्‌खडा माहिती ही ज्यांची मिरास, त्यांच्या हाती तीच मिरास राखणीसाठी सोपवून गाव त्यांना हक्क आणि मानपान देत असे. रामोशाचा वयात येणारा पोर बापाबरोबर रात्रीची गस्त घाली, आणि आपण या गावचे कोणीतरी आहोत ही जाणीव त्याच्या अंगी लहानपणीच मुरे. या व्यवस्थेत जातिभेदाची विषमता पुरेपूर भरलेली होती, आणि राखणदारच कधी दरोडेखोरांना सामील होत हेही खरे. परंतु तरण्या पोराला गावाच्या बाहेर ढकलून मग तो गावाशी इमानाने वागेल, अशी अपेक्षा त्या काळच्या पाटील-कुळकर्ण्यांनी केली नव्हती. पुढे इंग्रजी अमलात पुरंदरच्या परिसरातील रामोशांचे परंपरागत हक्क संकोचले, तेव्हा काय झाले हे उमाजी नाईकांच्या बंडाने दाखवून दिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले; हक्कांचा प्रश्न मात्र फाशीने सुटणारा नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भटक्या समाजांवर याहूनही मोठे अरिष्ट कोसळले, आणि ते इतक्या निरनिराळ्या दिशांनी आले की कोणा एकाला त्याबद्दल जबाबदार धरणे कठीण जावे. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दक्षिणेतल्या सैन्यांना आणि बाजारपेठांना पुरवठा करीत. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी सुटली आणि पुढच्या काही दशकांत लोहमार्ग जसजसा घाट चढून देशावर पसरत गेला, तसतसा त्यांचा धंदा बसला. पारध्यांचे पोट रानातल्या शिकारीवर. १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारजमा झाले आणि कालपर्यंत जी शिकार होती ती आजपासून चोरी ठरली. कैकाडी कणग्या आणि टोपल्या विणत, गाढवांवर ओझी लादून गावोगाव फिरत. त्यांच्याही फिरण्यावर संशयाची नजर बसली. ज्यांना स्थिर घर नाही, ज्यांच्याकडून सारा वसूल होत नाही आणि ज्यांचा ठावठिकाणा दफ्तरात लिहिता येत नाही, अशी माणसे महसुली राज्याला अडचणीची वाटली, आणि त्या अडचणीला गुन्हेगारी हे नाव मिळाले.

१८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा चोरीचा वंशपरंपरागत धंदा असलेल्या जातीचा मुलगा चोरच होणार, असा युक्तिवाद त्याच्या मुळाशी होता. आपल्या जातिव्यवस्थेचे जे रूप सरकारी अंमलदारांना दिसले, किंवा आपल्याच वरिष्ठ वर्गांनी त्यांना दाखवले, त्याच्यावर हा युक्तिवाद उभारलेला होता. या पापात आपला वाटा नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

१९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची मुभा दिली. प्रांतिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावी, जिल्हा मॅजिस्ट्रेटने तिच्या माणसांची नोंदवही तयार करावी, बोटांचे ठसे घ्यावेत, आणि या जाहीरनाम्याच्या योग्यायोग्यतेची चौकशी करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नसावा, अशी त्याची रचना होती. नोंदलेल्या माणसाला परिशिष्टातील गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर सात वर्षांहून कमी कैद देता येत नसे आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी; फार सबळ कारण असल्याखेरीज न्यायाधीशाला त्यात दयाबुद्धी दाखवता येत नसे.

कायद्याची कलमे वाचून त्याचा जाच कळत नाही. हजेरीची वही डोळ्यांपुढे आणली म्हणजे कळतो. नोंद झालेल्या तरुणाने ठरलेल्या वेळी चावडीवर किंवा ठाण्यावर जाऊन पाटलाला अथवा शिपायाला तोंड दाखवावयाचे. शेजारच्या गावी बाजारासाठी, बहिणीच्या लग्नासाठी किंवा मयताला जावयाचे असेल तर आधी पास काढावयाचा. कोठे जाणार, किती दिवस राहणार हे त्यात लिहून घ्यावयाचे. आणि तेथे पोहोचल्यावर पुन्हा हजेरी द्यावयाची. सुगीच्या दिवसांत दूरच्या शेतावर चार पैशांची मजुरी मिळत असली तरी रात्री हजेरीला परतता येणार नसेल तर ती सोडून द्यावयाची. हजेरी चुकली तर गुन्हा, पासावर लिहिलेल्या गावाऐवजी दुसऱ्या गावी सापडला तर गुन्हा, आणि हजेरी घेणाऱ्याची मर्जी सांभाळण्यासाठी जे द्यावे लागे त्याची वहीत नोंद नाही. अशा रीतीने एखादा अठरा वर्षांचा मुलगा कोणाच्याही काडीला हात न लावता शिक्षेस पात्र होई; आणि ज्याला प्रामाणिकपणाने राहूनही चोराचीच वागणूक मिळते, त्याच्यापाशी प्रामाणिक राहण्याचे कोणते कारण शिल्लक उरते, हा प्रश्न त्या वहीत कोठेही मांडलेला नाही.

मुंबई इलाख्याने या कायद्याची अंमलबजावणी वसाहतींच्या रूपाने केली. हुबळी, गदग, विजापूर आणि सोलापूर येथे तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ उभ्या राहिल्या. त्यांतली सोलापूरची आपल्याला सर्वांत जवळची. स्टार्ट नावाचा सनदी अधिकारी या वसाहतींचा प्रमुख होता, आणि सोलापूरच्या वसाहतीचे व्यवस्थापन अमेरिकन मराठी मिशनकडे होते. कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, पारधी, कंजारभाट अशा अनेक समाजांची कुटुंबे तेथे आणून ठेवण्यात आली. सोलापूरच वसाहतीसाठी सोयीचे का ठरले, याचे उत्तर तेथील कापडगिरण्यांत आहे. जुनी गिरणी १८७७ पासून चालू होती, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, आणि त्यांना सतत मजूर हवे होते. वसाहतीतील स्त्रीपुरुष गिरणीत कामाला जात, मुले वसाहतीच्या शाळेत बसत, आणि हजेरी संपत नसे.

वसाहतीकडे केवळ निंदेच्या दृष्टीने पाहणे मला पटत नाही, कारण या प्रयोगाने, त्याच्या चालकांच्या इच्छेविरुद्ध का होईना, एक सत्य सिद्ध केले. ज्यांच्या रक्तात चोरी आहे असे कायदा म्हणत होता, ती माणसे नियमित मजुरी मिळताच भोंगा वाजल्यावर गिरणीत जाऊ लागली, साचे सांभाळू लागली, आणि त्यांची मुले अक्षरे गिरवू लागली. चोरी रक्तात असेल तर शाळा काढून उपयोग काय, आणि शाळेने मूल घडत असेल तर तारेचे कुंपण कशासाठी, हा विरोध वसाहतीच्या पायातच होता. मिशनच्या शिक्षकांना तो दिसला नसेल असे मला वाटत नाही. परंतु कुंपणाने जे दिले त्याहून अधिक हिरावून घेतले: गिरणीत शेजारच्या साच्यावर उभा असलेला दुसरा मजूर सायंकाळी आपल्या मर्जीने घरी जाई, बाजारात रेंगाळे, तमाशाला जाई; वसाहतीचा पोर मात्र तेवढेच काम करून हजेरीला परते, आणि शहरभर त्याची ओळख ‘सेटलमेंटवाला’ एवढीच राही. काम मिळाले, विश्वास मिळाला नाही.

त्याच काळात मुंबई शहरात निराळा विचार आकार घेत होता, आणि त्याचीही मुळे जुनी आहेत. बंदरात, बाजारात, गोद्यांभोवती भटकणाऱ्या पोरक्या मुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिवडीला एक उद्योगशाळा निघाली होती; १८५७ पासून ती डेव्हिड ससून यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने चालू लागली. त्या काळात चोरी केलेल्या मुलांसाठी न्यायाधीशाजवळ दोनच हुकमी उपाय असत, तुरुंग नाही तर फटके. फटक्यांचा कायदा १८६४ चा, आणि फटक्यांची शिक्षा पूर्णपणे रद्द झाली १९५५ मध्ये. म्हणजे स्वराज्य आल्यानंतरही काही वर्षे ती दफ्तरात राहिली. सुधारशाळांचे कायदे १८७६ आणि १८९७ साली झाले खरे, परंतु त्यांचा विस्तार तोकडा होता. १९१९-२० च्या तुरुंग चौकशी समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये आणि वेगळी गृहे असावीत असे सुचवल्यानंतर मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली बालकांचे कायदे केले.

मुंबईत हा कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो १९२७ मध्ये, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीकडे मुलांच्या सांभाळाचे काम आले. त्यांच्यासाठी जागा मिळाली ती उमरखाडीतील जुन्या डोंगरीच्या तुरुंगाची. कोल्हापूरच्या अब्रुनुकसानी प्रकरणात शिक्षा होऊन १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले ते याच तुरुंगात, आणि त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी लिहून ठेवली. आगरकरांचा विवेक ज्या भिंतींनी पाहिला, त्याच भिंतींच्या आत पुढे मुंबईची भटकी मुले आसऱ्याला आली, हे आठवले की मन भरून येते. आणि त्याचबरोबर असेही वाटते की मुलांच्या घरासाठी सरकारला तुरुंगाखेरीज दुसरी इमारत सुचू नये, ही गोष्ट खेदाची आहे. या कायद्याचा खरा प्राण इमारतीत नव्हता, तो परिवीक्षा अधिकारी या नव्या नेमणुकीत होता. मुलाचे घर कसे आहे, बाप काय करतो, आई हयात आहे की नाही, शाळा केव्हा आणि का सुटली, रात्री मूल कोठे झोपते, याची चौकशी करून ती न्यायाधीशापुढे ठेवणारा माणूस न्यायदानात प्रथमच आला. या मुलाने काय केले, या प्रश्नाला या मुलाचे कोण आहे, या प्रश्नाची जोड मिळाली.

याच विचाराला पुढे शास्त्राचा आधार लाभला. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईच्या नागपाड्यात सामाजिक कार्य उभारले आणि १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी जी संस्था सुरू झाली तिचे नेतृत्व केले. बालगुन्हेगारी हा तेथील अभ्यासाचा एक विषय होता. साता समुद्रापलीकडे शिकागो शहरात, जेथे १८९९ मध्ये मुलांचे पहिले न्यायालय निघाले होते, शॉ आणि मॅके या दोन संशोधकांना असे आढळले की शहराच्या काही विशिष्ट वस्त्यांत बालगुन्ह्यांचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या मोठेच राहते, मग तेथे राहणारे लोक एका देशाचे जाऊन दुसऱ्या देशाचे आले तरी बेहत्तर. दोष वंशाचा असता तर तो माणसांबरोबर हलला असता. तो वस्तीतच राहिला. १९६९ मध्ये ट्रॅव्हिस हर्शी यांनी तर प्रश्नच फिरवला. माणसे गुन्हा का करतात हे विचारण्यापेक्षा बहुतेक जण तो का करीत नाहीत हे विचारा, असे त्यांचे म्हणणे. आणि त्यांचे उत्तर असे की आईबाप, शिक्षक, शाळा, पुढे मिळू शकणारे काम आणि लोकांतली पत यांचे धागे ज्या मुलाला बांधून ठेवतात, त्याला गमावण्यासारखे काहीतरी असते. या दृष्टीने हजेरीच्या वहीकडे पाहावे. तिने तरुणाचे एकेक धागे कापले, आणि कापलेल्या धाग्यांवरून त्याची जात गुन्हेगार असल्याचा निर्णय दिला.

या साऱ्याची मराठीतील सर्वांत बोलकी साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या आत्मकथनात पोरांना खिसे कापण्याचे शिक्षण कसे देत, मार सोसूनही तोंड उघडू नये म्हणून त्यांना घरच्याच माणसांनी कसे आधीच बडवून तयार केले, हे सांगितले आहे. आणि पोलिसांच्या धाडींत बायकामुलांचे काय होई हेही. त्याहून अधिक अस्वस्थ करतो तो शाळेचा प्रसंग. लेखक शाळेत जाऊ लागला आणि वस्तीत पोरे आजारी पडली, तेव्हा या शाळेमुळेच हे घडले असा बोल त्याच्या घरच्यांना ऐकावा लागला. बाहेरच्या जगाने इतके दिवस केवळ दंडुका दाखवला होता, त्या जगातून आलेली पाटीही लोकांना अवलक्षणी वाटली, यात नवल नाही. तरीही बापाने पोराला शाळेत धाडले. पुढे तो मुलगा लातूरच्या सूतगिरणीत कामगार झाला, कामगारांचा पुढारी झाला आणि लेखक झाला. ज्या घरात इतर हातांनी पाकिटे मारली त्याच घरातल्या एका हाताने लेखणी धरली. रक्त एकच, फरक एका बापाच्या हट्टाचा आणि एका शाळेच्या उघड्या दाराचा.

मुंबई राज्याने गुन्हेगार जमातींचा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला. जवाहरलाल नेहरूंनी १९३६ मध्येच त्याचा तीव्र निषेध केला होता. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि जातीच्या नोंदवहीची जागा व्यक्तीच्या नोंदवहीने घेतली. कागदावर हा बदल मोठा आहे. पालावर तो फार थोडा उतरला. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईच्या एका पत्रकार बाईंच्या अर्जावरून, तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी आणि पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या विमुक्त जमातींना जन्मतः सराईत मानणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. इतकी वर्षे ते उल्लेख तेथे निर्धास्त बसून होते.

बालकांच्या कायद्याचा प्रवासही सरळ झालेला नाही. मुंबईचा १९४८ चा सुधारलेला कायदा, १९८६ चा देशव्यापी कायदा, वयाची मर्यादा मुलगा-मुलगी दोघांसाठी अठरावर आणणारा २००० चा कायदा, असा तो मायेच्या दिशेने चालला होता. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर लोकक्षोभ उसळला, तो समजण्यासारखा होता. त्यातून आलेल्या २०१५ च्या कायद्याने घृणास्पद गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या मुलांना प्रौढांप्रमाणे न्यायालयापुढे उभे करण्याची वाट मोकळी केली. त्या मुलांच्या मनाची परिपक्वता एका प्राथमिक चौकशीत ठरवता येते, हे गृहीतक मला मान्य नाही. निवाड्याआधीच निवाडा करण्याची सवय या भूमीने पुष्कळ सोसली आहे.

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात भटक्या-विमुक्तांच्या हाती साधे दाखलेही नसल्याचे दुःख मांडले: जन्माचा दाखला नाही, शिधापत्रिका नाही, म्हणून जातीचा दाखला नाही, आणि म्हणून शाळेच्या दारातच मूल अडते. याबाबत कायदा आता स्पष्ट आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे चौदावे कलम सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. आणि चौथे कलम सांगते की कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवले पाहिजे. आपल्या गावाच्या कडेला या हंगामात पाल उतरलेले असेल, तर वाचकाने त्या आईबापांना ही दोन कलमे सांगावीत, आणि त्यांच्याबरोबर मुख्याध्यापकांपर्यंत चालत जावे.